पोहता न येणारी गाडी

कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला ‘घसारा’ नावाचं एक प्रकरण होतं. वस्तू विकत घेतली की तिची किंमत दरवर्षी उतरत जाते, हे सांगायला खरं म्हणजे युनिव्हर्सिटीची गरज नाही. लग्नाला दहा वर्षं झालेला कुठलाही नवरा ते सांगेल. तरी पण प्राध्यापकांनी फळाभर आकडे मांडून घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकवल्या. एक सरळ रेषेची आणि दुसरी घटत्या शिल्लकेची. तिसरी पद्धत मात्र पुस्तकात नव्हती. ती मला महाडच्या बाजारपेठेत शिकायला मिळाली. तिचं नाव, एका रात्रीची पद्धत. या पद्धतीत संध्याकाळी सहा लाखांची असलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी किलोच्या भावानं मोजतात.

ती रात्र 22 जुलै 2021 ची. सावित्री आणि गांधारी या आमच्या दोन नद्या एरवी सख्ख्या बहिणींसारख्या नांदतात, म्हणजे एकमेकींची वाट अडवत नाहीत. त्या रात्री दोघी एकदमच गावात शिरल्या. वीज गेली, फोन गेले, आणि पाणी बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वर चढू लागलं. त्याच दिवशी आमच्या तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या दिवसाबद्दल विनोद करायची माझी प्राज्ञा नाही आणि इच्छाही नाही. मी फक्त गाड्यांपुरतं बोलतो. शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही वीस-बावीस माणसं अंधारात बसलो होतो, आणि खाली रस्त्यातून गाड्या तरंगत चालल्या होत्या. पाण्यात गेलेल्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजायला लागतो, हे मला त्या रात्री कळलं. एकेक हॉर्न बराच वेळ वाजायचा, मग बारीक व्हायचा आणि बंद पडायचा. मग कुणीतरी अंधारातच सांगायचं, “डॉक्टरांची गेली.” “ही सोनारांची.”

आमच्याकडे तेव्हा गाडी नव्हती, स्कूटर होती. तिचा हॉर्न एरवीही वाजत नसल्यामुळे ती केव्हा गेली ते कळलं नाही.

पूर ओसरला, चिखल निघाला, भिंती सुकल्या आणि घरात एक प्रश्न तेवढा ओला राहिला. तो आमच्या धाकट्या चिरंजीवांनी काढला. “बाबा, पुन्हा पाणी आलं तर स्कूटरवरून पहिल्या खेपेला कोण जाणार?”

हिशेब सोपा होता. आम्ही नवराबायको, दोन मुलं, आई आणि आईजवळ राहायला असलेली मावशी, असे सहा. पाठीमागच्या खोलीत एकट्याच राहणाऱ्या आजी सातव्या. स्कूटरवर चालवणारा धरून दोन, फार तर मुलाला पुढं उभं करून तीन. म्हणजे चार खेपा. बँकेत वीस वर्षं नोटा मोजलेल्या माणसाला हे गणित अवघड नव्हतं. अवघड होतं ते त्याचं उत्तर मोठ्यानं सांगणं. मी घसा खाकरत होतो, तेवढ्यात आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “त्यात काय विचारायचं? आम्ही तिघी म्हाताऱ्या शेवटच्या खेपेला.”

कुणी काही बोललं नाही. त्या रात्री जेवताना सौभाग्यवतींनी गाडीची व्याख्या केली. इतकी नेमकी व्याख्या मोटार वाहन कायद्यातही सापडायची नाही. त्या म्हणाल्या, “एका खेपेत सगळं घर मावेल ती गाडी. बाकी रंग कुठलाही चालेल.”

सात माणसांची नवी गाडी आणि माझा पगार यांची गाठ घालून पाहिली. दोघांनी एकमेकांना ओळख दिली नाही. तेव्हा जुनी गाडी घ्यायची ठरलं. पैसा पैसा बाजूला टाकत दोन-अडीच वर्षं गेली. दर जुलैत आम्ही आभाळाकडे बघायचो आणि मग पासबुकाकडे. जुन्या गाडीत तसं कमीपणाचं काहीच नाही. आमच्या वडिलांच्या काळी फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि हातातली जुनी फियाट कधी कधी नव्या गाडीपेक्षा जास्त किमतीला विकली जाई. त्या काळात घसारा उलटा चाले. पण महाडमध्ये जुनी गाडी घेण्यात एक अडचण होती. इथल्या बहुतेक गाड्यांना पोहता येत होतं.

पोहलेली गाडी ओळखणं हे एक शास्त्र आहे आणि आमच्या गावात त्याचे आचार्य म्हणजे गॅरेजवाले चाचा. पुरानंतर दोन महिने ते गाड्यांच्या पोटातला चिखल काढत होते. त्यांनी मला रीतसर दीक्षा दिली. गाडी बघायला गेल्यावर आधी इंजिन बघायचं नाही, रंग बघायचा नाही, मालकाशी तर बोलायचंच नाही. आधी सीटबेल्ट धरायचा आणि शेवटपर्यंत ओढायचा. माणूस गाडी धुतो, पॉलिश करतो, सीटची कव्हरं बदलतो. पण गुंडाळीतल्या बेल्टचं शेवटचं टोक धुवायचं त्याला सुचत नाही. तिथं चिखलाची रेघ असते. मग सीटच्या खालच्या पट्टीचे स्क्रू बघायचे, ते गंजलेले असतात. पुढच्या दिव्याच्या काचेत आतून धुकं बघायचं. इंजिनची तेलकाडी काढायची. तेल चहासारखं दुधाळ दिसलं तर नमस्कार करून घरी यायचं. आणि सगळ्यात शेवटी दारं बंद करून दोन मिनिटं आत बसायचं आणि वास घ्यायचा. अत्तर मारलेलं असलं तर जास्तच घ्यायचा.

ही विद्या घेऊन मी महाराष्ट्राचा नकाशा समोर पसरला. महाड बाद. चिपळूण बाद, ते आमच्याच दिवशी बुडालं. कोल्हापूर आणि सांगली 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये पाण्यात. पुणे तरी कोरडं असेल म्हणावं, तर 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्यानं तिथंही गाड्या एकमेकींवर रचून ठेवल्या होत्या. मुंबईबद्दल 26 जुलै 2005 नंतर बोलायलाच नको. तिथल्या गाड्या दर पावसाळ्यात सराव करतात. शिवाय पूर उतरला की बुडालेल्या गाड्या गावात थांबत नाहीत. विमा कंपनीकडून भंगारात जातात, कुणीतरी त्या उचलतो, सुकवतो, आणि जिथं त्यांना कुणी ओळखत नाही अशा परगावी नेऊन उभ्या करतो. थोडक्यात, ज्या गावाला पूर ठाऊक नाही त्या गावातला विकणाराही खात्रीचा नाही. मला हवी होती ती गाडीही कोरडी आणि मालकही कोरडा, म्हणजे पाण्याच्या बाबतीत.

याच सुमारास माझ्या साडूंचा मुलगा न्यूझीलंडहून फोनवर बोलत होता. तिकडे म्हणे तरुण मुलं फिरायला येतात ती विमानातून उतरली की आधी एक जुनी व्हॅन घेतात. तिच्यातच झोपतात, तिच्यातच स्वयंपाक करतात, सगळा देश पालथा घालतात आणि जाताना ती पुढच्या प्रवाशाला विकून टाकतात. मालकी बदलायचं कामही ऑनलाइन नाहीतर पोस्टात जाऊन चटकन होतं. “काका, परक्या देशात जाऊन अनोळखी माणसाकडून गाडी घेतात लोक, तुम्ही तर आपल्याच राज्यात आहात!” तो म्हणाला. त्याला काय ठाऊक! कोकणातल्या माणसाला परदेशी जायला विमान लागत नाही. घाट चढला की झालं.

परदेशातला आमचा वकील बँकेनंच नेमून ठेवला होता. प्रमोशन घेणाऱ्या माणसाची बँक लांब बदली करते, म्हणजे बाकीच्यांना प्रमोशनचा मोह होत नाही. आमच्या शाखेतले एक सहकारी असेच प्रमोशन घेऊन दहिवडीला गेले होते. दहिवडी म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचं ठाणं. त्यांनी कळवलं, “इथं एका रिटायर्ड गुरुजींची ईको आहे. 2016 ची, सात सीटची. गाडी पाण्यात गेली असण्याची शक्यताच नाही. इथं माणसांना पाणी मिळत नाही, गाडीला कुठून मिळणार?”

जून 2024 च्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं निघालो. मी, चाचा, आणि पोलादपूरकडचे आमचे मेहुणे. चाचा परीक्षेसाठी, मेहुणे घाटातून गाडी चालवण्यासाठी आणि मी सही करण्यासाठी. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना एस.टी.च्या खिडकीतून ढग आत आला आणि शेजारी बसला. महाबळेश्वरला पाऊस वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, ही बातमी प्रत्येक ढगाला ठाऊक असावी. समुद्रावरून आलेला ढग सह्याद्री चढता चढता असलं नसलं सगळं तिथंच खर्च करतो. पुढं वाई, सातारा, कोरेगाव, पुसेगाव करत तो माणदेशात पोचतो तेव्हा त्याच्या खात्यावर शिल्लक नसते. महाबळेश्वर ते दहिवडी हे अंतर शे-सव्वाशे किलोमीटरचं, पण तिथल्या वर्षाच्या पावसाचा आकडा पाचशेच्या आतबाहेर. आमच्या महाड-पोलादपूरला तो तीन हजारांच्या वर असतो. एवढ्या शिलकीचं खातं आणि एवढ्या खडखडाटाचं खातं एकाच नोकरदार ढगाचं, हे बँकेतल्या माणसाला पटायला जड जातं.

दहिवडीजवळच्या एका वाडीत गुरुजींचं घर होतं. बाहेर बाभळीच्या सावलीत पांढरी ईको उभी होती. गुरुजींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मी कोकणी सवयीनं अर्धा तांब्या पायांवर ओतला. अंगणात एकदम शांतता पसरली. मेहुण्यांनी उरलेलं पाणी घाईघाईनं पिऊन टाकलं.

“महाडचे का?” गुरुजी म्हणाले. “चवदार तळ्याचं महाड! दरवर्षी शिकवलंय पोरांना. 20 मार्च 1927. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचललं ते त्या तळ्यातनं.” आणि थोडं थांबून म्हणाले, “पाण्याची किंमत कळलेलं गाव तुमचं.”

मी पायांकडे बघितलं. ते अजून ओले होते.

मग मुलाखत सुरू झाली. आम्हाला वाटलं होतं, आम्ही गाडी बघायला आलोय. गुरुजींच्या मते ते आम्हाला बघत होते.

“घरी माणसं किती?”

“सात.”

“गाडी कशाला पाहिजे?”

मी म्हणालो, “पाण्यासाठी.”

गुरुजींचा चेहरा एकदम मऊ झाला. “अरारा! म्हणजे तुमच्याकडंबी टँकरच का?”

आता आली पंचाईत. गाडी पाणी आणायला नको आहे, पाणी आलं तर पळायला हवी आहे, हे माणदेशातल्या माणसाला समजावून सांगायचं कसं? मी प्रयत्न केला. पाणी घरात येतं म्हणालो. गुरुजी म्हणाले, नळाला का? मी म्हणालो, नाही, दारातून. किती? मी हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. गुरुजींच्या पत्नी दाराआडून ऐकत होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मेहुण्यांनी घोटाळा आणखी वाढवला. ते म्हणाले, “आणि गुरुजी, एप्रिल-मे महिन्यात आमच्या वाडीवर टँकरसुद्धा येतो.” हे खरंच आहे. पोलादपूरच्या डोंगरातल्या कितीतरी वाड्या जुलैत पावसानं झोडपून निघतात आणि मे महिन्यात हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात. डोंगर एवढा उतरता की पडलेलं पाणी थांबतच नाही. गुरुजींनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. वर्गात दोन पोरं एकाच उशिराची दोन कारणं सांगतात तेव्हा मास्तर बघतात, तसं.

तोवर चाचा आपल्या कामाला लागले होते. सीटबेल्ट सरसर ओढला, टोक डोळ्याला लावलं. कोरं करकरीत! पट्टीचे स्क्रू चकचकीत. तेलकाडी स्वच्छ. वास उन्हाचा. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, ती सीट उचलून चाचांनी आत डोकं घातलं आणि समाधानानं मान हलवली. मी मनातल्या मनात चेकवर सही करत होतो. तेवढ्यात चाचा मागं गेले, तळाचं मॅट वर केलं, आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

“पाणी!” चाचा म्हणाले.

पत्र्यावर डाग होते. एक दोन नाहीत, सगळ्या तळभर. कडेला गंजही धरलेला. मेहुणे म्हणाले, “भावोजी, चला.” आमचे सहकारी मान खाली घालून उभे राहिले, वीस वर्षांची ओळख, तिला आता तडा जाणार असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी गुरुजींकडे पाहिलं. ते रागावले नव्हते. ते त्या डागांकडे पाहत होते.

“हां, ते पाणीच हाय,” ते म्हणाले. “2018 आणि 19 ला. टँकर आठ-आठ दिवसांनी यायचा. जनावरं छावणीत नेऊन बांधलेली. मागची सीट काढली आणि चार ड्रम बसवले. अकरा किलोमीटरवर एकाची बोअर चालू होती, तिथनं रोज पहाटे आणायचो. आमच्या घराला आणि आळीतल्या सहा घरांना. रस्ता कसा हाय बघितलाच तुम्ही. किती जपलं तरी हिंदकळायचं. घरी आल्यावर ही फडकं टाकून ते सांडलेलं टिपायची आन् तुळशीत पिळायची.”

चाचा गुडघ्यावर बसले, बोटानं डाग खरवडला, बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. मग मला म्हणाले, “मास्तर खरं बोलतात. पुराची रेघ तांबडी असते आणि आडवी असते. ही पांढरी आहे आणि गोल आहे. बोअरचं जड पाणी, क्षार राहिलेत. बघा, ड्रमाच्या बुडाचे चार गोल दिसतात का?”

दिसत होते. चार पांढरे गोल, एकाला एक लागून. माझ्या गावात गाड्या वाहून नेणारं पाणी मी पाहिलं होतं. इथं गाडीनं पाणी वाहून नेलं होतं, तेही पहाटे उठून, सात घरांसाठी. मला काही बोलायचं सुचेना, म्हणून मी किंमत विचारली.

गुरुजींनी तीन लाख सांगितले. मी दोन चाळीस म्हणालो, कारण घरून तसं सांगून पाठवलं होतं. पण चार गोल पाहिल्यावर माझ्या आवाजात दम राहिला नव्हता आणि तो गुरुजींनी ओळखला. दोन सत्तरला जमलं. खाली आणताना त्यांनी एकच अट घातली, ती म्हणजे व्यवहार चेकनं. मी त्यांच्या पायाच पडणार होतो. बँकेतल्या माणसाला एवढा सन्मान सहसा मिळत नाही.

राहिली मागची सीट. ती सहा वर्षांपूर्वी काढल्यापासून सोप्यावर होती आणि तिच्यावर गुरुजींचे वडील बसले होते. वय नव्वदीच्या घरात. सीट गाडीची आहे आणि गाडी विकली, हे त्यांना तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी ते उठले, काठी टेकत बाहेर आले, सीट बसवलेली पाहिली आणि पुन्हा तिच्यावर जाऊन बसले, आता गाडीत. शेवटी गुरुजींनी त्यांना वाडीच्या वेशीपर्यंत एक चक्कर मारून आणली, तेव्हा कुठं ताबा मिळाला.

कागदांचं काम गुरुजींनी स्वतःच्या हातानं, मोत्यासारख्या अक्षरात केलं. नमुना 29, नमुना 30. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं तीस दिवसांत. विमाही चौदा दिवसांत नावावर करून घ्यायचा. मी काउंटरच्या पलीकडे बसून लोकांचे फॉर्म परत करण्यात हयात घालवलेली, पण या फॉर्ममध्ये परत करण्यासारखं काहीच सापडलं नाही. जरा वाईटच वाटलं.

निघताना गुरुजींच्या पत्नींनी गाडीच्या इवल्याशा बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि मला म्हणाल्या, “भाऊ, पाण्याला जपा.”

मी हो म्हणालो. पुसेगाव मागं पडेपर्यंत मी त्या वाक्याचा विचार करत होतो. माणदेशात ‘पाण्याला जपा’ म्हणजे थेंब वाया घालवू नका. महाडात ‘पाण्याला जपा’ म्हणजे पाण्यापासून सांभाळून राहा. शब्द तेच, पण घाटाच्या वर एक अर्थ आणि खाली नेमका उलटा. आणि त्या बाईंना यांतला कुठला अर्थ अभिप्रेत होता, ते मला अजूनही कळलेलं नाही.

वाईपर्यंत गाडी रुबाबात चालली. पाचगणीला गार वारा लागला. महाबळेश्वर सोडून आंबेनळी घाटाला लागलो आणि पावसानं आम्हाला गाठलं. पाऊस म्हणजे घाटातला. तो पडत नाही, अंगावर येतो. मेहुण्यांनी वायपरचं बटण दाबलं. गुरुजींनी आधीच प्रामाणिकपणे सांगितलं होतं, “वायपर चालू हाय, पण वापरायची वेळ आली न्हाई.” आठ वर्षं उन्हात वाळलेलं ते रबर काचेवरून एकदा गेलं, दुसऱ्यांदा अर्धं गेलं आणि तिसऱ्यांदा त्याचे तुकडे बाहेर उडाले. दाराच्या फटींतून पाणी आत आलं. गाडी अशी दचकली की काय सांगू! जन्मात पाऊस न पाहिलेलं लेकरू एकदम धबधब्याखाली उभं केल्यासारखं. प्रतापगडाच्या फाट्याच्या अलीकडे आम्ही कडेला थांबलो.

चाचा शांतपणे म्हणाले, “तंबाखू आहे का कुणाकडे?”

वायपर बंद पडला तर ओल्या काचेवर तंबाखू चोळावी, म्हणजे पाणी पसरून जातं आणि समोरचं दिसतं, ही घाटातल्या ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती. मेहुण्यांनी गेल्या दिवाळीत माझ्यासमोर आणि आपल्या बहिणीसमोर तंबाखू सोडली होती. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मेहुण्यांनी आतल्या खिशातून पुडी काढली आणि म्हणाले, “काचेसाठीच ठेवतो.” काच चोळून झाल्यावर पाऊस थोडा कमी झाला, तेव्हा चाचांनी आपल्या पिशवीतून नवे कोरे वायपर काढून बसवले. महाडहूनच आणले होते. मेहुणे चिडून म्हणाले, “मग आधी का नाही काढलेत?” चाचा म्हणाले, “तुमची पुडी कशी निघाली असती?”

बाहेर थंडी, आणि सीटखाली इंजिनची ऊब. माणदेशात ही ऊब म्हणजे शिक्षा असणार; घाटातल्या धुक्यात मात्र शेकोटीशी बसल्यासारखं वाटत होतं. अंधार पडता पडता पोलादपूरचे दिवे दिसले.

पुढची हकीकत थोडक्यात. गाडी नावावर करायला पेणला जावं लागलं. रायगड जिल्ह्यातल्या आम्हा लोकांचं आर.टी.ओ. तिथं, शे-पाऊणशे खड्ड्यांचं असं नाही, नव्वद-शंभर किलोमीटरांचं अंतर. 2011 मध्ये सुरू झालेलं मुंबई-गोवा रस्त्याचं रुंदीकरण बघत बघत आमची मुलं शाळेतून कॉलेजात गेली, तेव्हा त्याबद्दल वेगळं लिहायला नको. राज्य तेच असल्यामुळे नंबर मात्र एम.एच. 11 च राहिला. त्यामुळे बाजारपेठेत लोक अजून वाकून विचारतात, “सातारकर का?” मी नाही म्हणत नाही. चाचांनी दारांची रबरं बदलली आणि सौभाग्यवतींना एक मंत्र दिला. तो आता आमच्या देवघराशेजारी कागदावर लिहून चिकटवला आहे. “पाण्यात उभ्या गाडीला चावी मारू नये.” इंजिनात पाणी ओढलं गेलं की इंजिन जातं आणि मग विमा कंपनीही बऱ्याचदा हात वर करते. तळाचा पत्रा खरवडून रंग मारू का, असंही चाचांनी विचारलं होतं. सौभाग्यवतींनी मॅट उचलून ते चार गोल पाहिले, माझ्याकडून सगळी हकीकत पुन्हा एकदा ऐकली आणि म्हणाल्या, “गंजाला लावा काय ते. गोल राहू देत.”

जुलैत एका रात्री इशारा आला. सावित्री चढते आहे, सखल भागातल्या लोकांनी तयारीत राहावं. पूर्वी अशा रात्री आमच्या घरात सगळे एकमेकांकडे बघत बसायचे. त्या रात्री कुणी कुणाकडे बघितलं नाही. कागदपत्रांची पिशवी, औषधांचा डबा, मुलांची दप्तरं. मी गाडी दारात लावली. आई, मावशी आणि मागच्या आजी, तिघी म्हाताऱ्या सगळ्यात आधी जाऊन मागच्या सीटवर बसल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मुलं मध्ये. सौभाग्यवती पुढं, मांडीवर देव. पंचवीस मिनिटांत आम्ही गावाबाहेर उंचावर, महामार्गाच्या कडेला होतो. तिथं आधीच पन्नासेक गाड्या उभ्या होत्या. एका टपरीवाल्यानं एवढ्या रात्री स्टोव्ह पेटवला होता. काचेवर पाऊस वाजत होता, वायपर चालला होता, आणि मागच्या आजी आईला विचारत होत्या, “एकच खेप ना गं ही?” आई म्हणाली, “एकच.”

पाणी त्या रात्री आलं नाही. बाजारपेठेच्या पायरीला शिवून मागं गेलं. पहाटे टपरीवरचा तिसरा चहा चालू असताना माझा फोन वाजला. दहिवडीहून गुरुजी होते. टी.व्ही.वर महाडचं नाव पाहून त्यांना झोप लागली नव्हती.

“पाणी आलं का?” त्यांनी विचारलं.

“नाही आलं, गुरुजी. वाचलो,” मी म्हणालो. “तुमच्याकडे?”

“आमच्याकडंबी न्हाई आलं,” गुरुजी म्हणाले, आणि दोघंही थोडा वेळ काहीच बोललो नाही.